हाडाचे स्क्रू आणि साठ्याचा हिशोब

मनगट मोडलेल्या रुग्णाच्या ऑपरेशनला सर्जन उभा आहे. प्लेट बसली, आता १८ मिलिमीटर लांबीचा स्क्रू हवा. पेटीत १६ चे आहेत, २० चे आहेत, १८ चा खण मात्र रिकामा. त्याच वेळी कारखान्याच्या गोदामात ४० मिलिमीटरचे स्क्रू ढिगाने पडून असतात. माल भरपूर आणि तरी हवा तो नाही, हा अनुभव चपला विकणाऱ्यांना नवा नाही. सात-आठ नंबर संपतात आणि पाच-अकरा नंबर मोसम उलटला तरी फळीवरच राहतात. पण चपलेच्या गिऱ्हाईकाला "उद्या या" म्हणता येते. ऑपरेशनच्या टेबलावरील रुग्णाला ते सांगता येत नाही.

वैद्यकीय साधने बनविणाऱ्या कारखानदाराचे, आणि त्यांना लेथवर सुटे भाग करून देणाऱ्या आपल्या अनेक कारागीर बंधूंचे खरे दुखणे हेच आहे. म्हणून साठा किती ठेवावा, कोठे ठेवावा आणि नवीन माल केव्हा घडवावा, हे एका स्क्रूच्याच उदाहरणाने पाहू.

साडेतीन मिलिमीटर जाडीचा हाडाचा स्क्रू लांबीने दोन-दोन मिलिमीटरने वाढत जातो. १० पासून ५० पर्यंत धरले तर २१ लांब्या झाल्या. स्टील आणि टायटॅनियम असे दोन धातू, म्हणजे ४२. साधा आणि प्लेटमध्ये आटे बसणारा असे दोन प्रकार, म्हणजे ८४. ही झाली एकाच जाडीची गोष्ट. मनगटाच्या प्लेटा तर डाव्या-उजव्या वेगळ्या. शिवाय हा माल दुकानासारखा विकला जात नाही. भरलेली पेटी इस्पितळात किंवा वितरकाकडे अमानत म्हणून पडून असते, जो स्क्रू वापरला त्याचेच बिल होते. पेट्या जितक्या जास्त, तितके भांडवल लोकांच्या कपाटात अडकलेले. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले तर न खपलेल्या स्क्रूवरही व्याज चालू राहते. जो व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छितो, त्याला हा हिशोब इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागतो.

आजवरची रीत अंदाजाची. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली एमआरपी या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. पुढच्या महिन्यांचा खप अंदाजावा, त्यावरून कोणता भाग किती आणि कधी हवा ते संगणकाने काढावे, अशी ती पद्धत. गुणाकार-बेरीज अचूक असते, परंतु पाया अंदाजाचा. वर्षात एकूण किती स्क्रू खपतील हे बऱ्यापैकी सांगता येते. पुढच्या महिन्यात १८ चे किती लागतील, हे कोणालाच सांगता येत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत तर सारेच अंदाज कोलमडले. व्हेंटिलेटर आणि मास्क पुरेनात, आणि गुडघ्याचे सांधे बनविणाऱ्यांचा माल पडून राहिला, कारण थांबता येण्यासारखी ऑपरेशने पुढे ढकलली गेली.

दुसरा दोष चाबकासारखा आहे. मूठ जराशी हलते, टोक मात्र सपकन फिरते. समजा, इस्पितळाने तीन स्क्रू जास्त वापरले. वितरक घाबरून दहा मागवतो, त्याच्या वरची एजन्सी पन्नास, आणि कारखाना कारागिराला सांगतो, "पाचशे पाहिजेत, रात्रपाळी करा." मग दोन महिने फोन येत नाही. रात्रपाळीसाठी ठेवलेल्या पोरांचा पगार कारागिराच्याच खिशातून जातो. इस्पितळात खप वाढलेला असतो फक्त तीन नगांचा.

यावर उपाय म्हणजे अंदाजाने माल पुढे ढकलण्याऐवजी खपाने तो ओढू द्यायचा. टोयोटाच्या ताइची ओनो यांना ही कल्पना अमेरिकेतील सुपरमार्केटवरून सुचली होती. फळीवरून जितके उचलले जाते, तितकेच मागून भरायचे. कॅरोल प्टाक आणि चॅड स्मिथ यांनी २०११ साली ऑर्लिकींच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत या विचाराला संगणकाच्या हिशोबाची जोड दिली. तिला डीडीएमआरपी म्हणतात. नाव जड आहे, रीत सोपी आहे.

पहिला प्रश्न साठा कोठे ठेवायचा हा. टायटॅनियमच्या एका सळईतून कोणत्याही लांबीचा स्क्रू निघतो. ४० चा कातला की तो ४० चाच झाला. निर्जंतुक करून पाकिटात बंद केला की त्यावर मुदतीची तारीखही चढली. माल जितका पुढे सरकतो तितका तो बांधला जातो. म्हणून सळईचा साठा भक्कम ठेवावा, कारण ती यायला फार दिवस लागतात. पॉलिश झालेला पण पाकिटात न गेलेला माल मध्यम. आणि पाकीटबंद माल गरजेपुरता. एक गोष्ट मात्र विसरू नये. साठा एका ठिकाणी ठेवला तरी लॉट एकमेकांत मिसळू नयेत. कोणता स्क्रू कोणत्या सळईतून निघाला हे सांगता आले नाही, तर उद्या एक लॉट परत मागवायची वेळ आल्यास सगळाच माल परत मागवावा लागेल.

आता किती. समजा १८ चे स्क्रू दिवसाला सरासरी १० खपतात आणि सळईपासून तयार व्हायला २० दिवस लागतात. १० गुणिले २० म्हणजे २००, हा पिवळा भाग, वाट पाहण्याच्या दिवसांतला खप. त्याच्या निम्मे १०० हा हिरवा भाग. यावरून एका वेळी किती माल घडवायचा ते ठरते. तांबडा भाग अडचणीसाठी: पुन्हा १००, आणि खप वरखाली होतो म्हणून त्यावर निम्मे ५०, एकूण १५०. "निम्मे" हा काही कायदा नाही. माल यायला फार दिवस लागत असतील तर प्रमाण कमी धरतात, खप लहरी असेल तर तांबड्यावरील भर वाढवतात. खालून वर मांडले तर तांबडा १५० पर्यंत, पिवळा ३५० पर्यंत, हिरवा ४५० पर्यंत.

रोज सकाळी एकच हिशोब करायचा. हातातला माल, अधिक घडत असलेला माल, उणे आजच्या आणि थकलेल्या ऑर्डरी. हातात २२०, लेथवर १००, ऑर्डरी ३०, तर उरले २९०. हा आकडा पिवळ्यात आला, म्हणून ४५० पर्यंत नेण्यासाठी १६० ची ऑर्डर सोडायची. आकडा ३५० च्या वर असता तर काहीही घडवायचे नाही, लेथ मोकळी दिसली तरी नाही. मालकांना सर्वात कठीण जाते ते हेच. लेथ रिकामी बघवत नाही म्हणून ४० चे स्क्रू कातले जातात.

एखाद्या इस्पितळाची एकदम ६०० ची ऑर्डर आली तर ती सरासरीत मिसळू नये, नाहीतर पुढे कित्येक आठवडे उगाच जास्त माल घडत राहील. तिची तारीख जवळ आली की ती आजच्या ऑर्डरींत धरावी. सरासरी मात्र ठराविक दिवसांनी नव्याने काढत राहावी.

जास्त साठ्याचा धोका केवळ पडून राहण्याचा नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली, साध्या स्टेंटची ७,२६० रुपये आणि औषधी लेप असलेल्याची २९,६०० रुपये. लेपवाले स्टेंट त्याआधी लाखाच्या पुढेही विकले जात होते. ज्याच्या कपाटात जितका माल, तितकी त्याला झळ.

एक जागा अशी आहे जेथे हा हिशोब लागू पडत नाही. ५० चा स्क्रू वर्षात दोनदा लागत असेल तर त्याला सरासरी कसली? चपलेचा व्यापारी अकरा नंबर ठेवणे बंद करू शकतो. येथे तो खण रिकामा ठेवता येत नाही. अशा मापांचे दोन-दोन नग प्रत्येक पेटीत ठेवावेत, आणि न खपलेल्या त्या मालाचा खर्च खपणाऱ्या मापांच्या किमतीत धरावा.

सुरुवातीला संगणक लागत नाही. सर्वात जास्त खपणारी दहा मापे निवडावीत, त्यांच्या डब्यांवर आतून तांबडा, पिवळा, हिरवा पट्टा ओढावा, लेथवर काय आहे आणि ऑर्डरी किती थकल्या आहेत ते शेजारच्या पाटीवर खडूने लिहावे. दिवसाचा सरासरी खप काढण्यासाठी मागच्या तीन महिन्यांची बिलबुके पुरतात, फक्त ती माप-माप वेगळी करून बघावी लागतात.