खलनायकाचं नाव ‘भीती’ ठेवलं तर?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ‘द डार्क नाइट’ (2008) मधला जोकर एकदा वेगळ्या नजरेने पाहा. तो माणूस नाहीच, तो म्हणजे भीती, असं समजा.

चेहऱ्यावरचे व्रण कसे आले, याची गोष्ट तो दर वेळी वेगळी सांगतो. भीतीचंही तसंच. मुलाला विचारा, कशाला घाबरतोस? आज एक कारण, उद्या दुसरंच.

आता बोटींचा प्रसंग घ्या. एका बोटीत साधे नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येक बोटीवर दुसरी बोट उडवण्याचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कोणीच ते दाबलं नाही, तर जोकर दोन्ही उडवणार! नागरिक मतदान घेतात. 396 जण ‘उडवा’ म्हणतात, 140 जण ‘नको’. तरी दाबायला उठलेला गृहस्थ बटण हातात घेतो आणि परत ठेवून देतो. तिकडे एक कैदी तर ते खिडकीबाहेर फेकतो. बारा वाजतात, स्फोट होत नाही.

म्हणजे भीती मतं मिळवते, पण बटण दाबायला तिला आपलाच हात लागतो.

चित्रपट लहान मुलांना दाखवू नका, नुसती गोष्ट सांगा. बारा वाजायच्या आधी थांबा आणि विचारा, ‘तू बोटीत असतास तर?’ उत्तराला चूक-बरोबर म्हणू नका. मग वहीत दोन ओळी लिहून घ्या : ‘भीती मला काय करायला सांगते?’ आणि ‘मी काय करायचं ठरवतो?’ या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं मुलांना दिसलं तरी धडा झाला.