दुष्काळ मोजायचा कसा?

अवर्षण, दुष्काळ आणि टंचाई हे तीन शब्द आपण मराठीत बहुधा एकाच अर्थाने वापरतो. माझ्या आजोळी कन्नड बोलतात; तिथे ‘बरगाल’ म्हटले की त्यात सारेच आले. रोजच्या बोलण्यात याने काही बिघडत नाही. परंतु शेतसाऱ्यात सूट द्यायची असते, टँकर सुरू करायचे असतात, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ करायची असते, तेव्हा ‘यंदा दुष्काळ आहे’ एवढ्यावर भागत नाही. तिथे आकडा लागतो. तो आकडा कसा निघतो आणि त्यातून काय निसटते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही सहज कळावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मी माणगंगेचे खोरे घेतले आहे. आमचे गाव याच खोऱ्यात आहे. माण नदी सातारा जिल्ह्यात महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावते. माण, आटपाडी, सांगोला आणि मंगळवेढा या तालुक्यांतून वाहत ती पंढरपूरच्या पुढे भीमेला मिळते. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढगांचे पाणी पश्चिम उतारावरच काढून घेतो आणि पूर्वेला पर्जन्यछाया उरते. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात. आमच्याकडे ‘मळे’ म्हणजे बागायत. एका भाषेतले मळे आले नाहीत तर दुसऱ्या भाषेतले मळे वाळतात, असे आमची आजी गमतीने म्हणे.

कमी पाऊस म्हणजे दुष्काळ का?

या प्रश्नाचे उत्तर मला माणदेशात नव्हे, तर परसवाड्याला मिळाले. परसवाडा हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे तहसीलचे गाव. माझे मामा नोकरीनिमित्त तिथे होते, म्हणून एका ऑगस्टमध्ये मी गेले होते. भोवती दाट जंगल, भाताची खाचरे, सगळीकडे हिरवे. त्या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी शेजारचे शेतकरी काका मामांना म्हणाले, “साहेब, इस साल सूखा है.” खाचरात पाणी उभे राहिले नव्हते, रोपे पिवळी पडत होती आणि रोवणी अडली होती. तोपर्यंत तिथे जेवढा पाऊस झाला होता, तेवढा आमच्या गावी झाला असता तर लोकांनी पेढे वाटले असते.

म्हणजे दुष्काळ हा पावसाच्या कमीपणाचा प्रश्न नसून अपेक्षेपेक्षा आलेल्या तुटीचा प्रश्न आहे. प्रत्येक गावाचे पीक, विहिरी आणि जगण्याची रीत तिथल्या नेहमीच्या पावसावर बेतलेली असते. म्हणून मोजपट्टी त्या जागेचीच हवी. भारतीय हवामान खात्याचा नियमही याच तत्त्वावर उभा आहे. हंगामाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झाला तर तो दुष्काळ. तूट २६ ते ५० टक्के असेल तर मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर तीव्र.

सरासरीच्या पोटात काय दडते?

आपण संख्याशास्त्रात प्रमाण विचलन शिकतो. ते इथे उपयोगी पडते. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ‘क’ गावाची सरासरी ५०० मि.मी. व प्रमाण विचलन १५० आहे. ‘ख’ गावाची सरासरी १५०० व प्रमाण विचलन ३०० आहे. एका वर्षी क गावात ४०० आणि ख गावात १०५० मि.मी. पाऊस झाला. क गावाची तूट १००, म्हणजे सुमारे ०.६७ प्रमाण विचलन. ख गावाची तूट ४५०, म्हणजे १.५ प्रमाण विचलन. टक्केवारीने पाहिले तर क गावात ८० टक्के आणि ख गावात ७० टक्के. अडीचपटीहून अधिक पाऊस होऊनही दुष्काळ ख गावात आहे, क गावात नाही.

याच विचारावर अमेरिकेतील कोलोरॅडो येथील मॅकी, डोएस्केन आणि क्लाइस्ट या अभ्यासकांनी १९९३ साली ‘प्रमाणित पर्जन्य निर्देशांक’ मांडला. पावसाचे आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरत नाहीत, म्हणून त्यात आधी योग्य वितरण बसवून घेतात. पण मूळ कल्पना वरच्या हिशेबाचीच. निर्देशांक उणे १ च्या खाली गेला की मध्यम, उणे १.५ ला तीव्र आणि उणे २ ला अतितीव्र कोरडेपणा समजतात. याचा मोठा गुण असा की, तो एक, तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी काढता येतो. पिकाला तीन महिन्यांचा हिशेब कळतो. तलाव आणि विहिरींना बारा महिन्यांचा.

कालावधीचे महत्त्व माणदेशात विशेष आहे. इथली रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर येते. जूनमध्ये वळीव जोरात झाला आणि हस्त कोरडा गेला, तर वर्षाची बेरीज ठीक दिसते, पण कणगी रिकामी राहते. परसवाड्याच्या भाताला जुलै-ऑगस्टमधला खंड मारतो. बेरीज तीच, तारीख वेगळी, आणि नुकसानही वेगळे.

एक खोरे, अनेक पर्जन्यमापक

नदीच्या खोऱ्याचा पाऊस काढताना सर्व केंद्रांची साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक केंद्र किती क्षेत्राचे प्रतिनिधित्व करते त्यानुसार भार द्यावा लागतो. ही थीसेन यांची १९११ मधील पद्धत म्हणजे आपली भारित सरासरीच. समजा, तीन केंद्रांवर ४००, ५०० व ७०० मि.मी. पाऊस झाला. साधी सरासरी ५३३. पण त्यांची क्षेत्रे अनुक्रमे ५०, ३० व २० टक्के असतील, तर भारित सरासरी ४९० येते. डोंगरावरचे एक केंद्र साऱ्या खोऱ्याला कागदावर भिजवून टाकू शकते!

पाऊस ही जमेची बाजू झाली. बाष्पीभवन, वाहून गेलेले पाणी आणि पिकाने घेतलेले पाणी ही खर्चाची. जमिनीत मुरलेले ते शिल्लक. सलग दोन कोरड्या वर्षांत ही शिल्लक संपते, म्हणून दुसरे वर्ष अधिक जड जाते. माणगंगेत आणखी एक गुंता आहे. टेंभू योजनेचे कृष्णेचे पाणी आता आटपाडी-सांगोल्याकडे येते. त्यामुळे पात्रात पाणी दिसले म्हणजे खोऱ्यात पाऊस झाला, असे आता म्हणता येत नाही.

आकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे

पूर्वी सारी भिस्त पैसेवारीवर असे. पिकाचा अंदाज ५० पैशांहून खाली आला तर टंचाई. ४९ आणि ५१ पैशांच्या दोन शेजारी गावांतल्या शिवारांत फरक तो कितीसा? परंतु सवलतींत जमीन-अस्मानाचा. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाबरोबर पिकांची उपग्रहाने टिपलेली हिरवाई, जमिनीतील ओलावा आणि पाण्याची स्थिती हेही पाहायला सांगितले. ही सुधारणा निश्चितच स्वागतार्ह आहे. तरी रेषा कुठेतरी ओढावीच लागते. २०२३ साली महाराष्ट्राने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सांगोला होता. त्याच नदीच्या वरच्या अंगाचे माण आणि आटपाडी पहिल्या यादीत नव्हते. पुढे तालुक्याऐवजी महसुली मंडळ हे लहान एकक धरून एक हजारावर मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. मोजण्याचे एकक जितके मोठे, तितकी कोरडी गावे ओल्या गावांच्या सरासरीत बुडतात, हाच याचा अर्थ.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी जी गावे दत्तक असतात, तिथल्या शाळेत एक साधा पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद ठेवावी. सोबत महिन्यातून एकदा गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजावी. वहीला एक बाजू मराठी, एक बाजू कन्नड असली तरी हरकत नाही. आकडे दोन्हीकडे सारखेच. एका वर्षाच्या नोंदीने काही सिद्ध होणार नाही. पण दहा वर्षांनी कुणी त्या गावाला ‘तुमचा तालुका सरासरीत बसतो’ असे सांगितले, तर गावाजवळ दाखवायला स्वतःची खतावणी असेल.