रनर मागायला लाजू नकोस

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, या वयात मला जमेल का गं हे?" आणि मी तव्यावरची पोळी सांभाळत "जमेल गं, न जमायला काय झालं!" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मनाला लागून राहिलं. तू इतक्या मनापासून विचारलंस आणि मी तुला उडवून लावलं. म्हणून आज सगळी कामं आवरून, चहा घेऊन बसलेय. तूही बस. आधी गॅस बंद आहे का तेवढं बघून ये.

खरं सांगू का, तुझ्या मनात काय काय चाललंय ते मला न सांगता कळतं. पार्क डिस्ट्रिक्टच्या पत्रकात '55 वर्षांपुढच्यांसाठी सॉफ्टबॉल' असं वाचलंस आणि आत कुठेतरी शाळेतली लगोरी जागी झाली. लगेच दुसरं मन म्हणालं, डाव्या गुडघ्याचं काय? नियम कुठे माहीत आहेत? लेक म्हणते, "आई, पडशील." मैदानावर सगळे लहानपणापासून खेळलेले, आणि आपण 58 व्या वर्षी बॅट कशी धरायची ते विचारणार. हो ना? मी 61 व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा पहिले दोन गुरुवार गाडीत बसून नुसता खेळ बघितला आणि घरी परत आले. तिसऱ्या गुरुवारी उतरले. तुला ते दोन गुरुवार वाया घालवायचे नाहीत, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच.

पहिली गोष्ट, नावावर जाऊ नकोस. हा चेंडू सॉफ्ट नाही. कधीकाळी होता. आपल्या याच शिकागोत, 1887 साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरागट बोट क्लबच्या हॉलमध्ये कुणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅन्कॉक नावाच्या माणसाने त्यातून छपराखाली खेळायचा बेसबॉल काढला, आणि तो पुढे बाहेर आला. आता आपण जो खेळतो तो पिवळा चेंडू 12 इंच घेराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा जडच. बायकांच्या सामन्यांत 11 इंची असतो. इथल्या जुन्या लोकांचा 16 इंची चेंडूही आहे, तो ते हातमोज्याशिवाय झेलतात आणि वाकडी झालेली बोटं कौतुकाने दाखवतात. त्या वाटेला तू अजिबात जायचं नाहीस. सांगून ठेवते.

आता आपल्या बायकांची खरी पंचाईत सांगते. आपल्याला खेळ येत नाही म्हणून अडत नाही, क्रिकेट डोक्यात इतकं मुरलेलं असतं म्हणून अडतं. मी पहिला चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटले. सगळी टीम ओरडत होती, "ड्रॉप इट, ड्रॉप इट!" मला वाटलं, जोरात धाव म्हणताहेत. तर बघ, मारल्यावर बॅट तिथेच खाली टाकायची. भिरकवायची नाही हं, मागे कॅचर बसलेली असते. चेंडू मागे टोलवून काही मिळत नाही. मारणारी जिथे उभी असते त्या होम प्लेटपासून फाकलेल्या दोन पांढऱ्या रेघांच्या मधेच तो जायला हवा. आणि क्रिकेटसारखं "हा मारला, पण धावत नाही" असं इथे चालत नाही. चेंडू रेघांच्या आत पडला की धावायचंच. पहिल्या बेसवरून पुढे निघून गेलीस तरी चालतं, दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र थांबावं लागतं. बस्स, एवढ्यावर पहिला महिना निघतो. बाकीचं बाकावर बसून आपोआप कळत जातं.

बॅटिंगची भीती तर सोडूनच दे. आपण स्लो-पिच खेळतो. चेंडू खांद्याखालून, उंच कमानीत येतो, कमीत कमी 6 फूट उंचीवरून. वर जातो, जरा थांबल्यासारखा वाटतो आणि मग उतरतो. घाई केलीस की संपलं. पुरी तेलात सोडल्यावर लगेच झारा लावतो का आपण? ती वर येते, फुगते, मग हात पुढे करतो. तसंच. चेंडू खाली यायला लागेपर्यंत थांब, आणि मग कंबरेतून वळ. नुसत्या हातांनी मारलंस तर खांदा दुखेल आणि चेंडू पिचरच्या पायाशी जाईल.

झेलायचं म्हणशील, तर ग्लव्ह डाव्या हातात, कारण फेकायचा हात उजवा. हे मला उलटं वाटायचं. चेंडू तळव्यावर घ्यायचा नाही, अंगठा आणि तर्जनीच्या मधे जी जाळी असते तिच्यात घ्यायचा, आणि दुसऱ्या हाताने लगेच झाकायचा. कंबरेच्या वर आला तर बोटं वर, खाली आला तर बोटं खाली. नवा ग्लव्ह लाकडासारखा कडक असतो, त्याला घाबरू नकोस. लोखंडी तवा नवा आणल्यावर तेल लावून लावून वळणावर आणतो ना, तसंच याचं. चामड्याचं तेल अगदी थोडं लावायचं, आत चेंडू ठेवायचा, रबरबँडने आवळायचा आणि रात्रभर ठेवून द्यायचा. पंधरा दिवसांत तो तुझ्या हाताचा होतो.

आता गुडघा. इथे नीट लक्ष दे, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वयस्कांच्या सॉफ्टबॉलचे नियम आपल्या गुडघ्यांना समोर ठेवूनच बनवलेत गं. पहिल्या बेसवर एकाला लागून एक असे दोन चौकोन असतात, पांढरा आणि केशरी. पांढरा फील्डरचा, केशरी धावणारीचा. म्हणजे दोघींची टक्कर व्हायला नको. होमवर पण धावत येणारीसाठी बाजूला वेगळी प्लेट ठेवतात, कॅचरच्या अंगावर जायचं कामच नाही. घसरत जमिनीवर लोळायलाही बऱ्याच ठिकाणी बंदी असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कर्टसी रनर. तू चेंडू मारलास, पहिल्या बेसपर्यंत पोचलीस, आणि पुढे धावणं झेपत नसेल, तर हात वर करून "रनर" म्हणायचं. तुझ्या जागी दुसरं कुणी धावतं. तू बाहेर होत नाहीस, तुझी बॅटिंग जात नाही, काहीच जात नाही. पुढच्या वेळी पुन्हा तूच मारायला उभी.

मी काय केलं माहितीये? दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातली थंडगार सकाळ, पहिल्या बेसवर उभी होते आणि मांडीच्या मागे काहीतरी ओढल्यासारखं वाटत होतं. बेसशेजारी उभ्या असलेल्या आमच्या कोचने विचारलं, "रनर हवा का?" मी लगेच म्हटलं, "नो नो, आय अॅम फाइन." का म्हटलं? तर माझ्यासाठी दुसऱ्या कुणाला कशाला उठवायचं. तीच सवय गं. पाहुणे जेवून उठल्यावर उरलेलं आपण खायचं, ताप असला तरी डबा भरून द्यायचा, आणि कुणी "मदत करू का" म्हटलं की हात पुसत "नको नको, झालंच" म्हणायचं. तो संकोच मी बेसवर घेऊन गेले. पुढचीने चेंडू मारला, मी धावले, आणि अर्ध्या वाटेत मांडीमागे कापड फाटावं तसं काहीतरी झालं. मी तिथेच मातीत बसले. आठ आठवडे घरी. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी. आणि त्या आठ आठवड्यांत सगळ्यांनाच माझ्यासाठी उठावं लागलं, औषध द्यायला, गाडी चालवायला, अगदी कुकर उतरवायलासुद्धा. 'कुणाला उठवायला नको' म्हणून जे केलं त्याचं हे झालं.

परत गेले तेव्हा एक बघितलं. आमच्यातले 70 च्या पुढचे पुरुष, चांगले धिप्पाड, बेसवर पोचले की श्वास घेण्याच्या आधी हात वर. "रनर!" कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि जो धावायला उठतो तो खुशीत उठतो, कारण त्याला धावायला मिळतं. आता मी गुडघा जरा जरी कुरकुरला तरी मागते. तूही मागायचंस. पहिल्याच दिवशी, दुखत नसलं तरी एकदा मागून बघ. तोंडाला सवय व्हायला हवी.

तोंडाच्या सवयीवरून आठवलं. उंच चेंडू तुझ्याकडे येत असेल तर ओरडायचं. हळू नाही, पूर्ण आवाजात. दोघं वर बघत एकाच चेंडूकडे धावतात आणि एकमेकांवर आदळतात, तो मार फार वाईट. मला सुरुवातीला "आय गॉट इट" तोंडातून वेळेवर फुटायचंच नाही. वाक्य मनात जुळेपर्यंत चेंडू खाली. एकदा घाईत "माझा!" असं निघून गेलं, आणि झेल हातात. तेव्हापासून तेच म्हणते. आता आमच्या अख्ख्या आउटफिल्डला ठाऊक आहे की ताई "माझा" म्हणाली की बाजूला व्हायचं. इंग्रजीची काळजी करत बसू नकोस. आवाज महत्त्वाचा.

आता डॉक्टरकडे जाऊन ये. टाळाटाळ नको. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होत जातात, म्हणून हाडांची तपासणी झाली नसेल तर ती करून घे. रक्तदाबाची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, जे चालू असेल ते सांग आणि मी सॉफ्टबॉल खेळणार आहे हे स्पष्ट शब्दांत सांग. "थोडा व्यायाम" असं मोघम सांगू नकोस. चालणं वेगळं आणि उभ्या जागेवरून एकदम धावणं वेगळं. मांडी आणि पोटरी त्या एकदम निघण्यातच दुखावते. म्हणून खेळाआधी दहा मिनिटं मैदानाला चालत फेऱ्या, मग पाय पुढे-मागे झुलवायचे, मग हळू पळायचं. चेंडू फेकायलाही आधी चार-पाच पावलांवरून, हळूहळू लांबून. थंड खांद्याने लांब फेकशील तर रात्री वेणी घालताना हात वर जाणार नाही.

चष्मा! हे मी विसरलेच असते. तुझा तो एकाच काचेत दूरचं-जवळचं दिसणारा चष्मा मैदानावर चालणार नाही. सरपटत येणाऱ्या चेंडूकडे खाली बघतेस आणि नजर नेमकी वाचायच्या भागातून जाते, चेंडू धूसर होतो. दूरचा नंबर एवढाच असलेला, न फुटणाऱ्या काचेचा वेगळा चष्मा करून घे. पैसे जातील, जाऊ देत. बूट रबरी दातऱ्यांचे, धातूचे नकोत. पिचिंग शिकायचं मनात आलं तर तोंडावर जाळीचा मास्क, त्याशिवाय तिथे उभंसुद्धा राहायचं नाही, कारण टोलवलेला चेंडू सरळ पिचरकडे येतो आणि हात वर करायला वेळ नसतो.

मंगळसूत्र आणि बांगड्या घरी. मला माहितीये, तू इथे एक क्षण थांबलीस. मीही थांबले होते. लग्नानंतर 36 वर्षांत गळ्यातलं काढलं नव्हतं. पण चेंडू छातीवर बसला तर मणी रुततात, आणि घालूनच खेळेन म्हटलं तरी पंच काढायला सांगतात. मी देव्हाऱ्यातल्या छोट्या डबीत ठेवते आणि परत आल्यावर हात धुऊन घालते. यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, परत येतेस ना नीट, तेवढं बास."

लेकीला माझ्याकडून एक सांग. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला 1930 पासून 'किड्स अँड कब्ज' नावाचा सॉफ्टबॉल क्लब आहे. त्यात यायला 75 पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे तिथे तुला "अजून लहान आहेस, सतरा वर्षांनी ये" म्हणतील. आणि 50 च्या पुढच्यांच्या नॅशनल सिनियर गेम्स 1987 पासून होताहेत, त्यातही सॉफ्टबॉल आहे. तेव्हा आई काही वेडेपणा करत नाहीये. तिला एकदा खेळ बघायला घेऊनच ये. बाकावर बसू दे, सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या भरू दे.

पहिल्या दिवशी तुझे चेंडू सुटतील. सुटू देत. उजव्या कोपऱ्यात उभी राहा, तिकडे चेंडू कमी येतात. मारायला गेलीस की तीनदा हवेत बॅट फिरेल, तरी कुणीतरी "नाइस कट" म्हणेल. हे लोक मनापासून म्हणतात गं, टोमणा शोधू नकोस त्यात.

तर गुरुवारी सकाळी सव्वानऊला, पार्किंगच्या त्या मॅपलच्या झाडाखाली. खेळ साडेनऊचा आहे. माझा जुना ग्लव्ह तुझ्यासाठी काढून ठेवलाय, आत चेंडू घालून, रबरबँड लावून. मऊ झालेला आहे, नवा घ्यायची घाई करू नकोस. टोपी, पाणी आणि जुना का होईना, नुसता दूरचा चष्मा तेवढा आण. पोहे मी आणतेय, आमच्या टीमला आता शेंगदाणे जास्त घातलेले लागतात. आणि गाडीतून उतरायला उशीर लावलास, तर मी काचेवर येऊन टकटक करणार आहे.