समुद्रतळावरील नळाची नाडीपरीक्षा

मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तेथे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील तेल व वायू समुद्रतळावरच्या पोलादी नळांतून किनाऱ्यावर आणतात. अशा नळांना बाहेरून खारे पाणी गंजवते. आतून तेलाबरोबर आलेले पाणी व त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. मग जुना नळ धोक्याचा झाला हे ओळखायचे कसे?

त्यासाठी नळात ‘पिग’ नावाचे यंत्र सोडतात. वाहते तेलच त्याला पुढे ढकलते. त्यावरील शक्तिमान चुंबक नळाची भिंत चुंबकित करतात. भिंत जेथे झिजली असेल तेथे चुंबकीय क्षेत्र बाहेर पाझरते आणि त्याची नोंद होते.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, नव्या नळाची जाडी १२ मि.मी. होती. एका जागी ती १० वर्षांनी १० मि.मी. व २० वर्षांनी ७ मि.मी. भरली. सुरक्षित मर्यादा ६ मि.मी. धरू. वीस वर्षांची सरासरी झीज दरवर्षी ०.२५ मि.मी.; म्हणजे ४ वर्षे हाती आहेत. परंतु गेल्या दहा वर्षांचा वेग ०.३ मि.मी. आहे! त्या हिशेबाने ३ वर्षे ४ महिनेच उरतात. प्रत्यक्ष जाडी मापापेक्षा अर्धा मि.मी. कमी असेल, तर दोन वर्षेही नाहीत.

फुटण्याची शक्यता गुणिले फुटल्यास होणारी हानी म्हणजे जोखीम. म्हणून सारख्याच झिजलेल्या दोन नळांपैकी किनाऱ्याजवळचा, मासेमारीच्या पट्ट्यातला नळ आधी दुरुस्त करावा लागतो.

आता सांगा : दहाव्या वर्षाची नोंदच ठेवली नसती, तर आपले उत्तर किती चुकले असते?