विलायतेतली बसराई

प्रश्न : लंडनजवळ राहतो. कुंडीतल्या ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’ केळीची पानं थंडीत काळी पडली. केळ गेली का?

उत्तर : खोड दाबून पाहा. घट्ट असेल तर केळ जिवंत आहे. मऊ लागलं तर कुजका भाग कापून टाका. कंद शाबूत असला की उन्हाळ्यात पिलं फुटतील. ‘ड्वार्फ कॅव्हेंडिश’ म्हणजे आपली बसराईच. साधारण १४ अंशांखाली तिची वाढ थांबते, दव गोठलं की पानं करपतात. ऑक्टोबरातच कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीशी घ्या. थंडीइतकाच घात पाण्याने होतो : वाढ थांबलेली मुळं ओल्या मातीत कुजतात. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको, खत तर वसंतापर्यंत मुळीच नको. घडाची आशा मात्र काचघराशिवाय धरू नका. इंग्लंडमधल्याच चॅट्सवर्थच्या बागेत मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३५च्या सुमारास हीच केळ फुलवली, तीही तापवलेल्या काचघरात.