'सहा महिन्यांत बाळ' म्हणणारी एजन्सी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघेही भारतीय नागरिक. भारतातून मूल दत्तक घ्यायचंय. एक एजन्सी सहा महिन्यांत बाळाची हमी देते, पण पैसे आगाऊ मागते. भरावेत का?

उत्तर : मुळीच भरू नका. कोणतं मूल कुणाला सुचवायचं, हे 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या ऑनलाइन ज्येष्ठता यादीवरून ठरतं. जे एजन्सीच्या हातातच नाही, त्याची हमी ती कशी देते? अनिवासी भारतीयांना भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने प्राधान्य मिळतं, पण थांबावं लागतंच.

'कारा'च्या संकेतस्थळावर अधिकृत परदेशी संस्थांची यादी आहे, तीत नाव शोधा. अमेरिकेत हेग करारानुसार मान्यता आहे का, तेही बघा. मग शुल्काचा तपशील लेखी मागा : गृहभेट अहवालाचे किती, नोंदणीचे किती, परताव्याचे नियम काय. 'देणगी' असा शब्द दिसला तर तिथेच थांबा.

मूल घरी आल्यावर पहिलं वर्ष दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला अहवाल पाठवणं हेही एजन्सीचंच काम. म्हणून आधी दत्तक घेतलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला आणि अडचणीच्या वेळी फोन कोणी उचलला, एवढं जरूर विचारा.