मांसरस आणि इलेक्ट्रिक प्रेशर कुकर

राजयक्ष्म्याच्या रुग्णास मांसरस द्यावा, हे आपण सर्वजण पदवीच्या अभ्यासापासून जाणतो. तो कोणत्या पात्रात, किती पाण्यात व किती वेळ शिजवावा, हे मात्र आपण बहुधा रुग्णाच्या घरच्यांवर सोपवून मोकळे होतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो. 2023 च्या पावसाळ्यात दाभोसा परिसरातील एका पाड्यावरच्या रुग्णामुळे आमची ही सवय मोडली. तो अनुभव येथे मांडीत आहोत.

जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव लेंडी नदीवरील धबधब्यामुळे पर्यटकांस परिचित आहे. वैद्यकीय क्षेत्रास हा तालुका निराळ्या कारणाने ठाऊक आहे. 1992 मध्ये येथील वावर-वांगणी भागात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. आजही दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नागली, वरई, भात, सुकी मासळी, पावसाळ्यात खेकडे असा आहार. मांस हे सणाचे आणि पाहुण्याचे अन्न. अशा घरात मांसरस सांगणे म्हणजे काही दिवसांची मजुरी खर्ची घालावयास सांगणे होय. तो वाया गेला तर दोष आपल्या पदरी येतो.

रुग्ण चाळिशीतील शेतकरी. क्षयाचे निदान होऊन शासकीय औषधे नियमित सुरू होती. अग्निमांद्य, अरुची व कार्श्य ही प्रमुख लक्षणे. औषधे एक दिवसही चुकवू नयेत असे बजावून आम्ही चरकोक्त अजमांसरस सांगितला : पिप्पली, यव, कुलत्थ, शुंठी, दाडिम व आमलकी यांनी युक्त आणि स्नेहाने संस्कारित. ‘चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवा’ ही सूचना सवयीने दिलीच. वसईस नोकरीला असलेल्या मुलाने त्याच सुमारास घरी इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणून दिला होता. पावसात ओल्या लाकडांवर दोन-दोन तास चूल फुंकण्यापेक्षा त्यात सर्व घालून झाकण लावणे रुग्णाच्या आईस सोयीचे वाटले.

आठवड्याने ती म्हणाली, “डाक्तर, पाणी काई आटतच नाय. घालीन तेवढाच निघतो.”

आम्ही उत्तर दिले, “आजी, अजून अर्धा तास वाढवा.”

हे उत्तर साफ चुकीचे होते. बंद कुकरातून वाफ जवळजवळ बाहेर पडतच नाही. अर्धा तास काय, तीन तास ठेवले तरी चतुर्थांश अवशेष राहणार नाही. रुग्णास दोन आठवडे पातळ, पचपचीत पाणी मिळत राहिले. ते भांडेभर पिऊन त्याची उरलीसुरली भूकही मेली.

नंतर विचार करता लक्षात आले ते असे. उघड्या पात्रात पाक आणि शोषण या दोन क्रिया एकाच वेळी चालतात. पाणी इतके आटले म्हणजे अग्निसंस्कार इतका झाला, असा त्याचा अर्थ असतो. अवशेष हे ग्रंथकारांचे घड्याळच होते. बंद पात्रात या दोन क्रियांची फारकत होते : पाक पूर्ण होतो, शोषण होतच नाही. म्हणून पाकासाठी मिनिटे आणि घनतेसाठी आटवणे, अशा दोन स्वतंत्र सूचना देणे भाग आहे.

पाकाच्या बाबतीत कुकर निश्चितच सरस आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे 98.5 अंशांवर उकळते आणि त्यापुढे तापमान चढत नाही. गॅसवरील शिट्टीच्या कुकरात ते 120 अंशांच्या आसपास जाते, इलेक्ट्रिक कुकरात बहुधा त्याहून काही अंश कमी राहते. मांसातील स्नायूंना बांधणारी जी चिवट कंडरामय धातुरचना (कोलॅजन), ती या तापमानास लवकर विरघळून जिलेटिन होते. त्यामुळेच रस ओठांस किंचित चिकटतो. दनी पापिन या फ्रेंच संशोधकाने 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले दाबपात्र मांडले, तेव्हा त्यात हाडे मऊ करून दाखविली होती. म्हणजे या यंत्राचा जन्मच एका अर्थी मांसरसासाठी झाला, असे विनोदाने म्हणता येईल.

मांस मऊ होणे म्हणजे मात्र सर्व मांस मऊ होणे नव्हे. कोलॅजन उष्णतेने विरघळते, पण स्नायुतंतू उष्णतेने आकसून पाणी सोडतात. म्हणून गर्दन, खांदा, नळी हे चिवट भाग कुकरात लोण्यासारखे होतात; ब्रॉयलर कोंबडीची छाती तेवढ्याच वेळात लाकडासारखी कोरडी होते. बोकडाच्या हाडासह मांसास पूर्ण दाबावर 35 मिनिटे, गावठी कोंबडीस 25 ते 30, ब्रॉयलरला 8 ते 10 मिनिटे पुरतात. इलेक्ट्रिक कुकरास मोजण्याजोग्या शिट्ट्या नाहीत, त्यामुळे ‘पाच शिट्ट्या’ सांगून उपयोग नाही. वेळ संपल्यावर वाफ एकदम सोडू नये. दाब अचानक उतरला की आतील रस खळखळून उकळतो, चरबी त्यात मिसळून तो गढूळ होतो आणि मांस चरबट लागते. वीस मिनिटे तसेच राहू द्यावे.

मात्रेविषयी परिभाषा स्पष्ट आहे. घन रसासाठी प्रस्थास 12 पल मांस, तनु रसासाठी 6 पल. पल 48 ग्रॅम धरल्यास 12 पल म्हणजे 576 ग्रॅम, आणि द्रवद्वैगुण्याने प्रस्थ म्हणजे दीड लिटरहून थोडे अधिक पाणी. कुकरसाठी आम्ही हे पाणी एक लिटरवर आणले. अर्धा किलो मांस, भिजविलेले यव व कुलत्थ, एक लिटर पाणी. सर्व मिळून भांडे निम्म्याहून अधिक भरू द्यावयाचे नाही, कारण कडधान्याचा फेस झडपेत अडकतो. शिजल्यावर गाळून उघड्या स्टीलच्या पातेल्यात निम्मा आटवावा. पिप्पली व शुंठी यांचे चूर्ण तेव्हा शेवटी घालावे, म्हणजे त्यांचा गंध टिकतो. दाडिम-आमलकी आंबट असल्याने ॲल्युमिनियमचे पातेले नको. सैंधवही आटल्यावरच, नाहीतर रस खारट होतो. शेवटी तुपाची फोडणी.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. कुकरातील ‘वॉर्म’ ही सोय पाहून घरच्यांनी संध्याकाळी शिजविलेला रस त्यातच ठेवला. झाकण उघडून रात्री एक वाटी काढली, पुन्हा झाकले. मध्यरात्री वीज गेली आणि पहाटे आली. मधल्या काळात जाड झाकणाच्या भांड्यात रस तासन् तास कोमट राहिला. सकाळी दिलेल्या वाटीनंतर रुग्णास दिवसभर अतिसार झाला. यक्ष्म्यात सर्व धातू क्षीण असताना पुरीषाच्या आधारे बल टिकते, म्हणून त्याचे विशेष रक्षण करावे, ही चरकाची आज्ञा आपण व्याख्यानात सांगतो. येथे आमच्याच पथ्याने ती मोडली. सुदैवाने प्रकरण एका दिवसात आटोक्यात आले. ‘पर्युषित’ या शब्दाची व्याख्या केवळ शिळ्यापुरती नाही, हे तेव्हा उमगले. 60 अंशांखाली उतरलेला रस दोन तासांत संपवावा, अथवा उथळ भांड्यात लवकर थंड करून शीतकपाटात ठेवावा. फ्रीज नसेल तर एका वेळेपुरताच करावा. परत देताना खळखळून उकळावा, कोमट करून नव्हे. ज्या घरी वीज भरवशाची नाही, तेथे ‘वॉर्म’चे बटण दाबूच नये असे आम्ही सांगतो.

गाळून उरलेल्या मांसाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. रस काढून घेतलेले मांस पुष्टिकर नसते, ते विष्टंभी व दुर्जर होते, असे सुश्रुताचे मत आहे. आधुनिक पोषणशास्त्र सांगते की बहुतेक प्रथिने त्या मांसातच राहतात, रसात जिलेटिन व क्षार उतरतात. आमच्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. अग्नी मंद असताना चोथा दिल्यास रुग्णास आध्मान होते, हे आम्ही पाहिले आहे. पण केवळ रसावर रुग्णाचे मांस भरून येणार नाही. म्हणून पहिले आठ-दहा दिवस रस, मग भूक लागू लागली की कमी पाण्यात वेगळे शिजविलेले मऊ निरस्थि मांस वाटून, गूळ, तूप, पिप्पली व मरिच यांसह वेशवाराच्या रूपाने थोडे थोडे. ज्या घरी आठवड्यास एकदाच मांस येते, तेथे चोथा टाकून द्या असे सांगणे आम्हास जमत नाही. तो घरातील इतरांनी खावा.

या रुग्णास तिसऱ्या आठवड्यापासून भूक लागू लागली. त्यात औषधांचा वाटा किती व रसाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. खर्चाचा भार निक्षय पोषण योजनेने थोडा हलका केला. तेव्हा दरमहा 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. रुग्ण नोंदलेला आहे व रक्कम त्याच्या खात्यात येते आहे, हे पाहणेही आपल्या चिकित्सेचा भाग समजावा.

औषधी निर्मात्यांसाठी दोन गोष्टी. महामाष तैलासारख्या योगांत लागणारा अजमांसाचा क्वाथ दाबाखाली काढता येईल, मात्र अवशेष उघड्या पात्रातच साधावा. स्नेहपाक मात्र कोणत्याही बंद कुकरात करू नये. पाणी निघून जाण्यास वाट नाही, कल्काची वर्ती पाहता येत नाही, तैलातील फेनोद्गम दिसत नाही. पाक मृदू की खर हे कशावरून ठरविणार? शिवाय कुकराच्या झाकणातील सिलिकॉनची रिंग मांसाचा वास धरून ठेवते, धुऊनही तो पूर्ण जात नाही. वनस्पतिजन्य क्वाथासाठी दुसरी रिंग ठेवावी आणि तिच्यावर खूण करावी.